पाणी मारायचा मान

भांबुर्डा काही कोणी लावत नाही. बांधाच्या कडेला, पडीक प्लॉटवर, रुळांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत तो आपला आपण उगवतो आणि कोणी विचारलं नाही तरी वास देत राहतो. परवा बदलापूरच्या बाजारात एक बाई त्याच्या जुड्या बांधून विकायला बसलेली पाहिली आणि मी रस्त्यातच हसायला लागले.

"अगं, हे रान आहे, रान! उद्या धूळ विकशील."

ती शांतपणे म्हणाली, "आजी, ज्यांचे बांध गेले ते घेतात."

माझं हसू जिथल्या तिथे राहिलं. मुकाट्यानं दोन जुड्या घेतल्या, शेजारच्या ढिगातून वालाच्या शेंगा घेतल्या आणि रिक्षात पिशवी मांडीवर धरून बसले. वास वर येत होता, ओव्यासारखा, जरा कडवट. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या इमारतीपाशी रिक्षा थांबली तेव्हा मी वांगणीच्या शेतात होते, पस्तिशीची होते आणि एका मडक्याभोवती बसलेल्या वीसेक माणसांना हसवत होते. रिक्षावाल्याला दोनदा सांगावं लागलं, "आजी, उतरा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पौष-माघात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, मीठ, ओवा. तोंडाशी पुन्हा पाला ठासायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवून द्यायचं. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगा आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतात. वरून काही कळत नाही. मडकं काळं पडत जातं, एवढंच.

मग झाली का नाही हे कसं ओळखायचं? तर तापलेल्या मडक्यावर पाणी मारायचं. चर्र झालं आणि पाणी जागच्या जागी उडून गेलं की समजायचं, झाली.

हे पाणी मारायचा मान आमच्याकडे ह्यांचा. हे म्हणजे माझे यजमान, अग्निशमन दलात जवान. बंबावरचा माणूस घरात असताना दुसऱ्यानं पाणी मारायचं म्हणजे काय? वांगणीला धाकट्या दिरांच्या शेतात दरवर्षी पोपटी लागायची. कोणीतरी तोंडानं घंटा वाजवायचं, मी ह्यांच्या हातात तांब्या द्यायची, हे कंबर कसून, एक डोळा मिटून, नेम धरून पाणी मारायचे. पोरं टाळ्या पिटायची. वर्षातून एवढा एकच पोरकटपणा तो माणूस करायचा, आणि तो मी करवून घ्यायची.

त्या वेळच्या मला तुम्ही पाहायला हवं होतंत. नाकात चमकी, अंबाड्यावर अबोली, जिभेला धार. माझ्यासारखी विनोदी बाई पंचक्रोशीत नाही, असा माझा ठाम समज होता. कोणी पडलं, कोणी अडखळलं, कोणाची साडी उलटी नेसली गेली, की माझं वाक्य तयार. आणि शहाणपण तर काय विचारता! हे ड्यूटीवरून धुराचा वास घेऊन आले की मी दारातच अडवायची. आधी मोरीत. साबण, गरम पाणी, धुतलेला लेंगा, मग ताक. बाहेरचं बाहेर. साबणानं धुराचा वास जातो हे खरंच आहे. माझी अक्कल एवढी की, मला वाटायचं सगळंच साबणानं जातं. पाठ चोळता चोळता हे कधी "आज काय झालं माहितीये..." असं म्हणायला लागले, की मी म्हणायची, "आता पुरे. अंगावरून पाणी गेलं, संपलं." केवढी मोठी परिचारिका!

त्या हिवाळ्यात आनंदनगरच्या बाजूला एका कारखान्यात आग लागली. बंबाला बोलावणं येतं त्याला ही माणसं वर्दी म्हणतात. त्या वर्दीवरून हे दुसऱ्या दिवशी दुपारी आले, मोरीत गेले, ताक प्यायले, झोपले. मी साबणाची नवी वडी फोडली होती. माझ्या मते काम चोख झालं होतं.

पंधरा दिवसांनी पोपटी. ऊन कलतं झालं होतं, मडकं कडकडीत तापलं होतं. कोणीतरी तोंडानं घंटा वाजवली. मी तांब्या पुढे केला.

"नको," हे म्हणाले.

"नको काय? मान तुमचा."

"आज दुसऱ्या कोणाला दे."

तेवढ्यात दिरांनी हौसेनं ओंजळभर पाणी मडक्यावर टाकलं. चर्र झालं. आणि ह्यांनी दोन्ही हात कानांवर नेले. अर्ध्यातच त्यांना कळलं असावं. हात खाली आले, पण तोंडावरचा रंग गेला होता. ते मडक्याकडे पाठ करून उभे राहिले.

वीस माणसं बघत होती, आणि माझं वाक्य तयार होतं.

"अगंबाई! आगीशी झुंजणारा गडी मडक्याला भ्याला!" मी म्हणाले. तेवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली? पुढे जाऊन तांब्या त्यांच्या हातात कोंबला, बोटं माझ्या हातांनी त्याच्याभोवती वळवली आणि म्हणाले, "धरा. नाहीतर उद्या बंबावर मला पाठवा, मी जाते."

काय हसले लोक! जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. ह्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला, अगदी सावकाश, पाणी न सांडता, आणि वालाच्या रांगांमधून चालत शेताच्या टोकाला गेले. शेंगा त्या वर्षी फार गोड होत्या. मी भरपूर खाल्ल्या.

नंतर घर हळूहळू मुकं झालं. भांडण नाही, आदळआपट नाही. मीठ कमी असलं तरी माणूस जेवून उठायचा. रेडिओ लावला तर चालू, बंद केला तर बंद. मी विनोद करायची, ते बरोबर योग्य ठिकाणी हसायचे, आणि त्या हसण्याची मला भीती वाटायला लागली. होळी झाली, आंबे आले, शाळा सुरू झाल्या. ह्यांचं मडकं काळं पडत गेलं, आणि आत काय शिजतंय ते मला कळेना.

मग गुरुवारी किशनभाऊ यायला लागले. ते ह्यांच्याच बंबावरचे ड्रायव्हर, उल्हासनगरचे सिंधी. दोघांना सुट्टी एकाच दिवशी. आले की पिशवीतून पापड काढायचे. त्यांच्याकडे पाहुण्याला पाण्याबरोबर पापड देतात, आणि माझ्या घरी मी तसा देत नाही म्हणून हा माणूस आपला पापड आपणच घेऊन यायचा.

"भाभी, सेंक दो जरा. खाली पाणी पिऊन माणूस काय बोलणार?"

पण बोलायचे कुठे? मी मुद्दाम बिरडं सोलायला घेऊन बसायची, म्हणजे तिथे बसायला निमित्त. भिजवून मोड आणलेले वाल, एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून काढायचा. किशनभाऊ म्हणाले, "मेरे को पण द्या." त्यांनी पहिलाच दाणा असा दाबला की तो उडून देवघरात गणपतीच्या पायाशी पडला. "चढ गया प्रसाद," ते म्हणाले. हे हसले. मी दचकून बघितलं. हसू वेळेवर आलं नव्हतं, जरा उशिरा आलं होतं, म्हणजे खरं होतं.

तेव्हापासून गुरुवारचं बिरडं त्या दोघांचं झालं. मी आत गेले. आत म्हणजे किती आत? पडद्यामागे. आयुष्यभर मी दारांमागे आणि पडद्यांमागे जेवढी उभी राहिले तेवढी देवळाच्या रांगेत राहिले नसेन. मला वाटलं, आता मोठी गुपितं बाहेर पडणार. ऐकू काय यायचं, तर टायर, पंपाचा गळका नळ, कल्याणच्या रस्त्यावरचे खड्डे. मी कंटाळून पाय बदलत राहायची.

असे कितीतरी गुरुवार गेले. मग एकदा श्रावणातल्या दुपारी, टायरचंच काहीतरी चाललेलं असताना, हे त्याच आवाजात म्हणाले, "त्या लोखंडी दारावर आपण पाणी मारलं ना, किशन. चर्र होत होतं. त्या आवाजाच्या आड मला कोणीतरी दार ठोकताना ऐकू आलं. मग नाही आलं."

ताटात दाणे पडल्याचा आवाज येत होता. टप. टप.

मग किशनभाऊ म्हणाले, "मैंने भी सुना था. मला वाटलं, मी एकट्यानंच ऐकलं."

बस, एवढंच. कोणी कोणाला मिठी मारली नाही, कोणी धीर दिला नाही. जरा वेळानं पुन्हा टायर सुरू झाले. पडद्यामागे मी मात्र पोळपाट छातीशी धरून खाली बसले. मला ती वीस माणसं हसताना ऐकू येत होती, आणि सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.

सगळं त्या दिवशी ठीक झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे," आणि मी मीठ आणायला उठले ती स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्यानंतर कितीतरी पोपट्या त्यांनी मडक्याकडे पाठ करून खाल्ल्या. शेवटी शेवटी पुन्हा पाणी मारायलाही लागले, पण एक डोळा मिटून नेम धरणं काही परत आलं नाही. मी माफी मागितली नाही. रोज उद्यावर टाकली. मग एके दिवशी हेच गेले, आणि ज्याची मागायची तो माणूसच राहिला नाही.

आता हे सगळं आजच का उकरून काढते आहे? भांबुर्ड्यामुळे, असं मी सांगेन. पण खरं कारण मुक्ता.

मुक्ता माझी नात. आईबाप नोकरीपायी नाशकात. ही इथे माझ्यापाशी, कारण हिची ड्यूटी इथून जवळ. ही पण बंबावर! पहिल्यांदा गणवेशात घरी आली तेव्हा मी म्हणाले, "आजोबांचा लेंगा आटवून घातलास का गं?" ती हसून लोळली होती. त्यांच्या केंद्रात आता नवीन पद्धत आहे. जवानांमधल्याच काही जणांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायला शिकवलंय. त्यांना सोबती म्हणतात. मुक्ता सोबती आहे. वाईट वर्दीवरून परत आलं की भिजलेले, चिखलानं माखलेले लांबलचक पाईप धुवावे लागतात, आणि त्याला दोन माणसं लागतात. सोबती जाऊन दुसरं टोक धरतो.

"समोरासमोर खुर्च्या टाकून 'सांग बाबा' म्हटलं की माणूस मिटतो, आजी," ती मला सांगायची. "हात कामात पाहिजेत नि डोळे पाइपावर."

"हे आमच्या बिरड्यानं तुमच्या आधी शोधलंय," मी म्हणायची.

गेल्या महिन्यात वांगणीकडच्या एका नव्या इमारतीत आग लागली. त्या वर्दीनंतर मुक्ता घरी आली ती शहाण्यासारखी वागायला लागली. ताट स्वतःच्या खोलीत न्यायची. विचारलं की "ठीक आहे गं" म्हणायची. माझ्या विनोदांना योग्य ठिकाणी हसायची. मी तिला साबण दिला नाही, ताक दिलं नाही, "संपलं" म्हटलं नाही. पण दुसरं काय द्यायचं तेही मला येत नव्हतं. सगळ्यांचं ऐकणारी पोर आपलं पाइपाचं टोक कोणाला धरू देत नव्हती. मला ह्यांची वर्षं डोळ्यांसमोर दिसायला लागली.

म्हणून मी नेहमीचं केलं: नाक खुपसलं. ती आंघोळीला गेलेली असताना तिच्या फोनमधून भोईरचा नंबर काढला. भोईर तिच्याच गाडीवरचा, तोही सोबती, आणि त्या दिवशी तिच्याबरोबर होता.

"आजी, मी रोज फोन लावतू तिला," तो म्हणाला. "उचलत नाय."

"शनिवारी दुपारी वांगणीला ये. पोपटी आहे. तिला सांगू नको."

"वरडंल ती मना."

"मला ओरडेल. तू शेंगा खा."

दिरांचं शेत आता एका तुकड्याएवढं उरलंय. तिन्ही बाजूंना इमारती. गॅलऱ्यांतून लोक वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून आमचा धूर बघतात. मुक्ताला मी ओढूनच आणलं. भोईरला बघून तिनं माझ्याकडे मान वळवली, आणि अर्ध्यावरूनच परत फिरवली. मडकं पेटलं. जाळ वर गेला, उन्हात जाळाला रंग नसतो, नुसती हवा थरथरते. जाऊबाई तांब्या भरून घेऊन आल्या.

"यंदा पाणीबिणी मारायचं नाही," मी जाहीर केलं.

"आता गं ताई? करपवायच्या का शेंगा?"

"करपू देत."

"का?" मुक्तानं विचारलं, जमिनीकडे बघून.

मग मी सांगितलं. कारखाना, चर्र, कोंबलेला तांब्या, वीस माणसांचं हसणं, पडदा, माफी. तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं, सांगणार कोण? जाऊबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. त्यांना आपलं हसू आठवलं असणार. शेवटी मी म्हणाले, "तुझ्याबाबतीत तेच नको, म्हणून तांब्या नको."

मुक्तानं खालची एक काडी उचलली. मग म्हणाली, "आजी, मडक्याचं मला काहीच नाही गं. मला तुझ्याकडे बघवत नाही."

"त्या आजी तुझ्याएवढ्या होत्या," ती हातातल्या काडीशी बोलत राहिली. "मी उचलून चार मजले खाली आणल्या. माझी कॉलर धरली होती त्यांनी, तू धरतेस तशी. आणल्या मी, पण..."

तिनं काडी मोडली.

बघा म्हणजे माझी हुशारी! महिनाभर मी मडक्याचा बंदोबस्त करत होते, आणि ह्या पोरीचं मडकं रोज सकाळी तिच्यासमोर चहा घेऊन उभं राहत होतं. आणि लाज वाटते सांगायला, पण जिभेवर वाक्य आलंच: मग नको बघू, मी कुठे एवढी देखणी आहे! दातांपर्यंत आलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा मी एक विनोद गिळला. फार बोचरा होता, उतरायला वेळ लागला.

तिला जवळ घ्यावं, सगळं सांग म्हणावं, असं फार वाटलं. पण सगळ्या जगात मलाच ते सांगता येण्यासारखं नव्हतं, एवढं मला कळलं. जाऊबाईंनी भिजवलेल्या वालांचं ताट बाहेर आणलं होतं. ते मी मुक्ता आणि भोईरच्या मध्ये ठेवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागले. तिनं माझा पदर धरला.

"जाऊ नको."

मी थांबले.

"पण..." ती म्हणाली.

त्या 'पण'चा अर्थ लावायला मला माझं सगळं आयुष्य खर्ची घालावं लागलं होतं, म्हणून लगेच लागला. मी पुन्हा बसले. दोन्ही कानांतली ऐकू येण्याची मशीनं काढली, त्यांना दिसेल अशी ताटाच्या कडेला ठेवली आणि बिरडं सोलायला घेतलं.

जग एकदम मऊ झालं. जाळ होता, त्याचं तडतडणं नव्हतं. इमारतींच्या मागून गाडी जात असावी, पायाखालची जमीन किंचित हलली. एक पोपट वालाच्या वेलावरून उडाला, पाण्याखालून उडावा तसा. दाणे ताटात पडत होते आणि आवाज होत नव्हता. ह्या मुकेपणाला मी फार वर्षं भ्यायले होते, आणि आत बसून पाहिलं तर तिथे ऊन होतं, पाल्याचा वास होता. हे तिथेच कुठेतरी रांगांमधून हिंडत असतील असं वाटलं. मनातल्या मनात म्हटलं, अहो, चुकलंच हो माझं. एवढं सोपं होतं ते म्हणायला.

ओठ वाचता येतात मला. बहिऱ्यांना येतात. पण मी डोळे दाण्यांवर ठेवले, बहुतेक वेळ. एकदाच नजर वर गेली. मुक्ताचे ओठ भराभर हलत होते, किती दिवसांचं साचलेलं. भोईर मान खाली घालून सोलत होता. मग तो थांबला, वालाचा दाणा चिमटीत तसाच धरून स्वतःच्या छातीवर मूठ ठेवली आणि काहीतरी अगदी थोडकं बोलला. मुक्ताचे ओठ थांबले. ती त्याच्याकडे बघत राहिली. काय बोलला ते मी वाचलं नाही. मला वाचायची गरज नव्हती; मी ते एका श्रावणात ऐकलं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. खांद्याला हात लागला म्हणून वर पाहिलं. मुक्ता तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो माझ्या हातात दिला, पाणी न सांडता, आणि बोटं माझी मलाच वळवू दिली.

मी एक डोळा मिटला. नेम धरला. पाणी मारलं.

चर्र झालं असणार. मला ऐकू आलं नाही. वाफ तेवढी दिसली, पांढरी, सरळ वर गेलेली. शेंगा झाल्या का विचारायला मान वळवली, तर मुक्ता मडक्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.